चंद्राचा पाय आणि पारनेरची परीक्षा

कालच परत आले. वेणीतून अजून कडब्याची कुसं निघतायत, टाचा भेगाळल्यात, आणि आई म्हणते आधी न्हाऊन घे. न्हाणं राहू दे, आधी लिहून काढते. कारण जेवताना सांगायला लागले तर पहिल्या वाक्यालाच सगळे मध्ये पडले. "नारू म्हणजे काय गं?" "तू पायात चप्पल घालत होतीस ना?" "दादा वाळलाय का?" कागदावर लिहिताना कुणी मध्ये बोलत नाही, हे फार बरं आहे.

तर माझा दादा पारनेर तालुक्यात चिंचमाळ म्हणून एक गाव आहे तिथे मास्तर आहे. तुम्ही नाव ऐकलं नसेल. दादाची नेमणूक होईपर्यंत मीही ऐकलं नव्हतं. मी पुण्यात डॉक्टरीच्या शाळेत, दुसऱ्या वर्षाला. सुट्टी मिळाली, वहिनीचं "एकदा तरी येऊन जा" दर पत्रात होतंच, तेव्हा निघाले. आईनं लाडू दिले, बाबांनी सूचना दिल्या. लाडू शिरूरपर्यंत संपले, सूचना सुप्यापर्यंत विसरले.

सुपे

लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून नगरच्या मोटारी हल्ली कोळशाच्या धुरावर चालतात. मागे एक भट्टी बसवलेली असते. सपाटीला मोटार बरी पळते, पण चढ आला की ती दम खाते आणि कंडक्टर म्हणतो, "मंडळी, जरा पाय मोकळे करा." पाय मोकळे करा म्हणजे उतरा आणि ढकला. बायकांना सूट होती, पण मी उतरले आणि ढकललं. एक आजीबाई खिडकीतून म्हणाल्या, "पोरी, भाडं देऊन वर हमाली करतीस व्हय?" सगळी मोटार हसली. मीही हसले, तर तोंडात कोळशाचा धूर.

सुप्याला दादानं बैलगाडी पाठवली होती. गाडीवाले गणपतराव, चाळिशी उलटलेले, डोक्याला फेटा, उजवा गुडघा वाकडा. तो पाय न वाकवता, काठीसारखा बाजूनं फिरवत चालायचे. मी डॉक्टरीची, त्यामुळे लगेच विचारलं, "पडला होतात का?"

"न्हाई. नारू तुटल्ता," ते म्हणाले आणि बैलांना म्हणाले, "चला राजांनो."

पुढे काही विचारायची सोय नव्हती, कारण गाडी हिसके देत होती आणि मी जिभेला जपत होते. दोन्ही बाजूंना माळ, जोंधळा काढलेली रानं, मधूनच एखादं बाभळीचं झाड आणि त्याच्या सावलीत दाटीवाटीनं उभ्या मेंढ्या. आमच्या पेठेत चार पावलांवर भिंत लागते. इथे नजर जाते ती जातेच, पार डोंगराच्या धारेपर्यंत. मला उगीच ओरडावंसं वाटलं, पण गणपतराव काय म्हणतील म्हणून गप्प बसले.

गावाच्या तोंडाशीच बारव आहे, म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर. इतकी देखणी की मी गाडी थांबवायला लावली. काळ्या घडीव दगडाच्या पायऱ्या खाली खाली जातात, कमानीतून गार वारा येतो, तळाशी हिरवट पाणी. पाण्यालगतच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड, त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या आणि सुकलेला दहीभात. बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवत होत्या. मला तहान लागली होतीच. उतरले, पाय धुतले, ओंजळ भरली आणि पोटभर प्याले.

वर आले तेव्हा गणपतराव म्हणाले, "गार हाय न्हवं?"

"अमृत आहे," मी म्हणाले.

चिंचमाळ

वहिनीनं दारात भाकरतुकडा ओवाळला आणि पहिलाच प्रश्न केला, "वाटेत पाणी कुठं प्यालीस?" मी सांगितलं. वहिनीच्या हातातला तुकडा तसाच हवेत. "अहो ऐकलं का," ती आत बघून म्हणाली, "तुमची डॉक्टरीण बारवेचं पाणी न गाळता पिऊन आली."

दादा बाहेर आला, माझ्याकडे पाहिलं आणि इतका हसला की त्याला ओट्यावर बसावं लागलं.

आता नारू काय ते सांगते, म्हणजे तुम्हाला हसू नाही येणार. आमच्या पुस्तकात नारू अर्ध्या पानाचा आहे आणि ते अर्धं पान मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांबच लांब जंत. माणसाच्या अंगात वर्षभर वाढतो, मग बहुतेक पायाला एक फोड येतो, तो फुटतो आणि नारूचं तोंड बाहेर दिसतं. पायाची आग आग होते. पाण्यात पाय घातला की बरं वाटतं. पण नेमका पाण्यात पाय गेला की नारू त्यात आपली पिल्लं सोडतो, डोळ्याला दिसतही नाहीत इतकी बारीक. पाण्यातल्या चिमुकल्या पिसवा ती गिळतात, आणि ते पाणी न गाळता जो पितो त्याच्या पायाला पुढच्या वर्षी फोड. औषध नाही. रोज थोडा थोडा ओढून काडीला गुंडाळत जायचा, घाई करायची नाही. मध्येच तुटला तर आत पू होतो, सांधा धरतो, गणपतरावांच्या गुडघ्यासारखा.

म्हणजे विहिरीत उतरून पाय धुवावेत ही यांची स्वच्छता, आणि त्या स्वच्छतेतूनच रोग. मी स्वतः काय केलं होतं? पायच धुतले होते.

"आता पुढच्या शिमग्यापर्यंत रोज पाय बघत जा," दादा म्हणाला. मी बघतेय. आज सकाळीही बघितले.

दादाची शाळा मारुतीच्या देवळाला लागून आहे, चौथीपर्यंत. मी गेले तेव्हा हजेरी चालू होती. नाव घेतलं की "हजर", आणि मधूनमधून एका सुरात, "नारू, मास्तर." म्हणजे तो मुलगा घरी पडून आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला निम्मी शाळा अशीच असते, दादा म्हणाला. लंगडतात, महिनाभर निजतात, अभ्यास मागे पडतो, मग बाप म्हणतो आता कशाला जातोस, मेंढरं राख. न शिकल्यामुळे नारू होतो हे खरं, दादा म्हणाला, पण नारूमुळे शिकता येत नाही हेही तितकंच खरं, कुठलं टोक आधी धरायचं सांग.

मी म्हटलं, पाणी गाळून प्या म्हणून शिकवायचं. दादा म्हणाला, "दोन वर्षं शिकवतोय. गाळतात की. घरोघरी घागरीच्या तोंडाला फडकं आहे. पण माणूस दिवसभर असतो रानात. तहान लागली की बारवेवर येतो आणि ओंजळीनं पितो. डॉक्टरिणीसुद्धा पितात."

आणखी एक गोष्ट त्यानं दाखवली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. महारवाड्यात नारूचा एकही माणूस नाही. त्यांना बारवेवर येऊ देत नाहीत. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून बायका वाटीवाटीनं घागर भरत बसतात, डोक्यावर ऊन घेऊन. ते पाणी कुणाच्या पायाखालचं नाही. "पण उन्हाळ्यात तो झिराही आटतो," दादा म्हणाला, "मग पलीकडच्या गावापर्यंत पायपीट. एका ठिकाणी पाणी आहे तर रोग, आणि दुसऱ्या ठिकाणी रोग नाही तर पाणीच नाही." दादा पूर्वी असं बोलत नसे.

आता चंद्रा. गणपतरावांची पुतणी, पंधरा वर्षांची. बाप पलटणीत, लढाईवर गेलेला. जाताना बायकोला सांगून गेला की पोरीला सातवीच्या परीक्षेला बसव. म्हणून दादानं तिला चौथीनंतर घरी शिकवलं. सातवीची परीक्षा बाहेरून द्यायची, पारनेरला. पास झाली तर पुण्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगला जागा मिळेल. चिंचमाळातली एकही मुलगी आजवर तिथवर गेलेली नाही. आणि नाही बसली, किंवा नापास झाली, तर कर्जतकडचं एक स्थळ गणपतरावांनी बघून ठेवलंय. वैशाखात लग्न.

परीक्षा जवळ आली आणि चंद्राच्या डाव्या घोट्याला फोड आला.

मी तिला बघायला गेले. भिंतीला टेकून, पाय समोर पसरून ती इतिहास पाठ करत होती. घोट्यावर रुईच्या पानाचा पट्टा, त्यातून तुरीची तासलेली बारीक काडी डोकावत होती, तिला पांढरा दोरा गुंडाळलेला. तो दोरा नव्हता. पुस्तकातलं ते अर्धं पान असं डोळ्यांपुढे बघून मी मान फिरवली. चंद्रानं ते ओळखलं आणि पदर टाकून पाय झाकला.

"आता निम्मा राहिलाय," ती म्हणाली. "पानपताच्या लढाईपत्तोर निगंल."

"परीक्षेपर्यंत की पानिपतापर्यंत?"

"मी अजून राक्षसभुवनावर हाय, ताई. पानपत पुन्हा वाचायचंय."

तिची आई हौसाबाई. ठेंगणी, काळीसावळी, बोलताना सारखी कामात. मला बसायला घोंगडी दिली आणि हुलग्याच्या शेंगोळ्या वाढल्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यातल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ल्या आणि पुन्हा मागितल्या. आमच्याकडे पाहुण्याला पुन्हा वाढताना "घ्या ना, घ्या ना" करतात. इथे विचारत नाहीत, वाढतात.

गणपतराव ओट्यावर बसले होते, आमच्यापासून चार हातांवर. ते थोरले दीर. हौसाबाई त्यांच्याशी थेट बोलत नाहीत, डोक्यावरचा पदर पुढे ओढतात आणि तिसऱ्या माणसाला सांगतात. मी पुण्याची, मला ही रीत ठाऊक नाही, आणि त्या दिवशी तिसरं माणूस मीच.

"ताई, इचारा त्यास्नी, पारनेरला गाडी नेतील का."

मी मान वळवली. "गणपतराव, पारनेरला..."

"ऐकलं. सांगा तिला, नेतो म्हनून. पर पोरीचा पाय असा. हिसक्यात तुटला मंजी? जलमाची लंगडी. मंग कोन करनार तिला? कर्जतवाले आपसूक माघारी जातील."

"ताई, सांगा, तुटायचा न्हाई. मी बसते की पाय मांडीवर घिऊन."

"सांगा तिला, ऐकलं."

मी दोघांच्या मध्ये टपालपेटीसारखी बसले होते, आणि दोघंही माझ्याकडे बघूनच बोलत होती. चंद्रा पुस्तकामागे हसत होती.

बारवेवर

दादाची शाळा चालू, म्हणून चंद्राबरोबर पारनेरला मी जायचं ठरलं. निघायच्या सकाळी भांडण झालं. झालं असं, की हौसाबाईंनी दहीभात, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या घेतल्या आणि चंद्राला म्हणाल्या, चल, आधी बारवेवर. ते सात शेंदरी दगड म्हणजे सातीआसरा, पाण्यातल्या देवता. नारू त्यांच्या कोपानं होतो असं इथे मानतात. म्हणून नारू झालेल्यानं खाली उतरायचं, दुखरा पाय पाण्यात बुडवायचा आणि माफी मागायची. आणि तसं केलं की आग थांबते, मग कोण म्हणेल देवी पावली नाही?

गाडी बारवेपाशी उभी. गणपतराव बैलांच्या पुढे. मी चंद्राला धरून उतरवलं. ती पहिल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आये, तू जा पुजाया. मी पाय घालनार न्हाई."

"घालनार न्हाई? आसरांला न सांगता गावाची शीव वलांडायची?"

"मास्तरांनी सांगितलंय. माझ्या पायातलं इख पान्यात जातंय. समदं गाव पितंय."

"मास्तर मोठं का आसरा?"

चंद्रानं दुखरा पाय जवळ ओढून घेतला. ओठ दाबून बसली. हौसाबाई माझ्याकडे वळल्या, "ताई, तुमीच सांगा हिला." आता मी काय सांगणार? मी म्हटलं, "हौसाबाई, ती म्हणते ते खरं आहे." त्यावर त्यांचा चेहरा पडला. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

"मंग ऱ्हाऊ द्या परीक्षा," त्या म्हणाल्या, अगदी सावकाश. "तिचा बाप तिकडं गोळ्यांत उभा हाय. मी इथं देवतांचा कोप घरात घिऊन पोरीला वेशीभायेर न्हाई काडायची." आणि दहीभाताचं ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या.

गंमत म्हणजे आई आणि लेक दोघीही दुसऱ्यासाठीच अडून बसल्या होत्या. चंद्राला गावाची काळजी, हौसाबाईंना नवऱ्याची. ऊन चढत होतं. पाणी भरायला आलेल्या बायका घागरी टेकवून बघत उभ्या होत्या.

तेवढ्यात गणपतराव बैलांना उद्देशून म्हणाले, "उनाचा तडाखा झाला तर बैलं चालायची न्हाईत." मग माझ्याकडे वळून, "ताई, सांगा तिला. थोरल्या पावसाच्या साली बारव काठापत्तोर भरली हुती. आसरा आपून होऊन वर आल्त्या. त्यास्नी काय पायऱ्या चढता येत न्हाईत व्हय? यंदा घागरीतनं येतील."

त्यांनी एका बाईच्या हातची घागर मागून घेतली, तो वाकडा पाय बाजूनं फिरवत फिरवत खाली उतरले, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून हात लांब करून घागर बुडवली आणि वर आणली. वर यायला त्यांना फार वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं, हे सगळ्या गावाला ठाऊक असावं.

घागर हौसाबाईंच्या पुढे ठेवली. त्यांनी वाकून पाण्यात बघितलं. मग उठल्या, घागरीला हळदकुंकू वाहिलं, पदर पसरून पुटपुटल्या, आणि चंद्राला बारवेपासून लांब, बाभळीच्या बुंध्याशी नेऊन तिथे तिच्या पायावर पाणी ओतलं. मातीनं ते पिऊन टाकलं.

"आग निवली?" त्यांनी विचारलं.

"निवली, आये."

"मंग बस गाडीत. का अजून मास्तरला इचारायचं हाय?"

पारनेरच्या वाटेवर

गाडीत गणपतरावांनी हातभर कडबा पसरला होता, वर दोन घोंगड्या. चंद्राचा पाय हौसाबाईंच्या मांडीवर. काडी घोट्याला चिंधीनं बांधलेली. ओढ्याच्या उताराला लागलो की गणपतराव खाली उडी टाकायचे, उडी म्हणजे त्यांच्या पद्धतीची, आणि जुवाला खांदा लावून गाडी सावकाश उतरवायचे. दगड आला की आधी ओरडून सांगायचे, "धरा," आणि आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी चंद्राला धरायचो. मोटार ढकलण्यापेक्षा हे कितीतरी अवघड.

मी न राहवून विचारलं, "तुमचा कसा तुटला, गणपतराव?"

"भावासंगं पलटनीत जानार हुतो. साहेबापुढं धावून दाखवायचं हुतं. नारू हुता पायात. म्हनलं, आज वडून काडू समदा आन उद्या धावू." ते चालतच बोलत होते. "भाऊ गेला. मी ह्यो इथं."

हौसाबाई चंद्राच्या पायावरची माशी वारत म्हणाल्या, "ताई, सांगा त्यास्नी, ते ऱ्हायले म्हनून आमचं घर ऱ्हायलं."

"ऐकलं," गणपतराव म्हणाले.

दुपारी एका चिंचेखाली गाडी सोडली. भाकरी, ठेचा, कांदा, आणि वहिनीनं दिलेली मासवडी. नावाला मासा, आत सगळं तीळ, खोबरं आणि कांदा, त्यामुळे वहिनीला पाप नाही. पाणी वहिनीनं गाळून बाटल्यांत भरून दिलं होतं. मी दोनदा बघून प्याले. हौसाबाई म्हणाल्या, "आता कशाला बगता? पुढल्या शिमग्याला तुमच्याबी पायाला काडी बांधू. चंद्रा गुंडाळील." इतका वेळ माझी थट्टा करायची त्यांनी ठेवली होती, ती इथे केली. म्हणजे राग गेला होता.

पारनेर

देवळाच्या धर्मशाळेत उतरलो. पारनेरला बाजार, कचेरी, दवाखाना सगळं आहे, आणि परीक्षेमुळे गल्लोगल्ली मुलगे पाठांतर करत येरझारा घालत होते. मुली मोजक्याच. चंद्रा गाडीतून उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागली तेव्हा सगळे तिच्या पायाकडे बघायला लागले. ती खाली बघत होती. मी त्यांच्याकडे रोखून बघितलं.

परीक्षा शाळेच्या लांब खोलीत, जमिनीवर बसून, पुढे उतरत्या फळीचं डेस्क. आणि पहिल्याच सकाळी नवी अडचण. चंद्राला पाय दुमडता येत नव्हता. पाय पसरला तर तो पुढच्याच्या पाठीला, नाहीतर पेपराकडे, नाहीतर देखरेखीच्या मास्तरांकडे. विद्येकडे पाय करायचा? चंद्रा ते करायला तयार नव्हती. तिनं मांडी घालायचा प्रयत्न केला. मी दारात होते, मला तिच्या कपाळावरची शीर दिसली. हौसाबाई माझ्या मागून म्हणाल्या, "तुटंल."

देखरेखीचे मास्तर म्हातारे होते. चष्मा वर करून त्यांनी पट्टा बघितला, काडी बघितली आणि विचारलं, "नारू?"

"व्हय."

"मुली, ती शेवटची भिंत बघ. तिकडे तोंड करून बस. भिंतीला पाय लागला तर भिंत काही म्हणत नाही."

तशी ती बसली. सगळी खोली एकीकडे तोंड करून आणि चंद्रा एकटी भिंतीकडे, पाय भिंतीशी, डेस्क मांडीवर. मागून तिची फक्त वेणी आणि हलणारा कोपर दिसत होता. सगळे पेपर तिनं तसेच दिले.

शास्त्राच्या पेपरात आरोग्याचा प्रश्न होता. बाहेर आल्यावर मी अधीर. "काय विचारलं?"

"पिन्याचं पानी शुद्ध ठिवन्याचे उपाय."

मी टाळीच वाजवली. "मग तू बारवेचं लिहिलंस? पायऱ्यांचं, पाय बुडवण्याचं?"

"न्हाई, ताई."

"अगं, का?"

"पुस्तकात नळाचं चित्र हाय. पानी गाळावं, उकळावं, तुरटी फिरवावी. तपासनारा पुस्तक धरूनच तपासनार न्हवं? पुस्तकात बारव न्हाई." माझा चेहरा बघून तिनं हळूच पुढे म्हटलं, "मला पास व्हायचंय."

मी वाद घालणार होते, पण घातला नाही. ज्या पाण्यानं तिचा पाय असा झाला त्याबद्दल तिला गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहिती होती, आणि मार्क मिळणार होते नळाबद्दल. तो नळ तिनं अजून बघितलेलाही नाही.

रोज सकाळी हौसाबाई पाय उन्हाला धरून काडीचा एक वेढा द्यायच्या, कधी अर्धाच. अडला की थांबायच्या. घाई नाही, ओढाताण नाही. शेवटच्या पेपरानंतर दुपारी त्यांनी काडी फिरवली आणि ती फिरतच राहिली. मग हातात आली. नारू सगळा निघाला होता, शेपटीपर्यंत. चंद्रा "आये" म्हणाली आणि घोटा दोन्ही हातांनी धरून बसली. हौसाबाईंनी ती काडी तिथेच चुलीत टाकली. गणपतराव धर्मशाळेच्या खांबाला टेकून उभे होते. ते बैलांना पाणी दाखवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

परत येताना ऊन कलतं होतं. माळावरून वारा सुटला होता आणि चंद्रा घोंगडीवर आडवी होऊन झोपली होती. गणपतराव पुढे बसून गाडी हाकत होते. मागे न बघताच म्हणाले, "ताई, सांगा तिला. पाय मोकळा झाला, देवीची किरपा. आता वैशाखातली तिथी धराया हरकत न्हाई. कर्जतला निरोप धाडतो."

तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, की पाय बरा झाला की लग्नालाही बरा होतो.

हौसाबाईंनी पदर पुढे ओढला. "ताई, इचारा त्यास्नी. पोरीचा पाय सुजून खांब झाल्ता, तवा कर्जतवाल्यांचं कोनी बगाया आल्तं का?"

"त्यास्नी कुनी सांगितलंच न्हवतं," गणपतराव म्हणाले. "कसं सांगायचं? सोयरीक मोडली असती."

"आसं व्हय," हौसाबाई म्हणाल्या. "मंग ताई, सांगा. नारू झालेला ज्यास्नी कळवला न्हाई, त्यास्नी निगालेला तरी कशाला कळवायचा?"

गणपतरावांनी बैलांना उगीच हाकारलं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा तेवढ्या वाजत होत्या. मी ह्यांच्याकडे बघते, मग त्यांच्याकडे बघते. मध्ये बोलायचं माझंच काम, आणि माझ्याकडे एकही निरोप नाही.

"निकाल लागू द्या म्हनावं," हौसाबाई थोड्या वेळानं म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "तिचा बाप सांगून गेलाय. पास झाली तर जाईल. न्हाई झाली तर मी सोता कर्जतला येते, पदर पसरते. पर तवर न्हाई."

चिंचमाळचा माळ दिसायला लागला. गणपतरावांनी कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग त्यांनी मान वळवून पहिल्यांदा झोपलेल्या चंद्राकडे पाहिलं, आणि नंतर माझ्याकडे.

"ताई, त्या पुन्यातल्या मास्तरनींच्या साळंत पोरीस्नी जेवाया काय देत्यात?"

"पोळी, भात, आमटी," मी म्हणाले. "हल्ली रेशनमुळे भात कमी."

"भाकरी?"

"रोज नाही मिळत."

ते पुन्हा पुढे वळले आणि बैलांना हाक दिली. गाडी उताराला लागली. मग म्हणाले, "सांगा तिला. यंदा जोंधळं समदं इकायचं न्हाई. पोतंभर बाजूला काडून ठिवा म्हनावं."